दादासाहेब गायकवाड: सत्तेला बाहेरून हलवणारा माणूस

बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या अभ्यासिकांमध्ये बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना राज्यशास्त्रातला एक धडा हमखास वाचावा लागतो, तो म्हणजे दबावगट. व्याख्या सगळ्यांना पाठ असते. स्वतः सत्तेवर न बसता सरकारच्या निर्णयावर आपल्या बाजूने वजन टाकणारा संघटित समूह म्हणजे दबावगट. प्रकारही पाठ असतात. व्यापारी, कामगार, शेतकरी यांच्या हितसंबंधांच्या संघटना हा एक प्रकार. नोकरशाही, देवस्थाने यांसारख्या आधीच बसलेल्या संस्था हा दुसरा. जात, धर्म, भाषा यांवर उभे राहिलेले गट हा तिसरा. आणि एखाद्या प्रश्नावर अचानक उसळणारा, प्रश्न संपला की विरून जाणारा चौथा. उदाहरणांत १९२० साली स्थापन झालेली आयटक आणि १९२७ साली स्थापन झालेली फिक्की ही नावे येतात.

आमच्या हाती आलेल्या नोट्समध्ये मात्र एक नाव कधी सापडले नाही. धोतर नेसणाऱ्या, खेड्यातल्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलणाऱ्या ज्या नेत्याने देशभरातले तुरुंग भूमिहीनांनी भरून टाकले, ते कर्मवीर दादासाहेब गायकवाड. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले. त्यांच्या स्मृतिदिनी आपण फोटोला हार घालतो. त्यांनी दबाव कसा उभा केला, तो कुठे चालला आणि कुठे ढिला पडला, याची चर्चा क्वचितच होते. ज्या मराठवाड्याच्या भूमिहीनांसाठी ते लढले, त्यातल्याच बीड जिल्ह्यात आम्ही काम करतो. म्हणून ही चर्चा आम्हाला आज करायची आहे.

आंब्याहून नाशिकला

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी, एका महार कुटुंबात झाला. पुढे नाशिकला अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. गावोगावची मुले, त्यांचे आईबाप, त्यांची भांडणे, त्यांच्या जमिनी आणि कर्जे हे सगळे वसतिगृहाच्या दारातून त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. नाशिक जिल्ह्यातला महार समाज त्यांना असा गावागणिक माहीत झाला. १९२७ च्या महाडच्या चळवळीत ते बाबासाहेबांसोबत होते. त्याच वर्षी देशातले मोठे उद्योगपती फिक्कीच्या रूपाने एकत्र येत होते. एका बाजूला ज्यांच्यासाठी सरकारचे दार उघडेच होते, त्यांनी संघटना बांधली. दुसऱ्या बाजूला ज्यांना तळ्याचे पाणीही मिळत नव्हते, त्यांनी. दोन्ही दबावगटच. फरक एवढाच की एकाच्या हाती पैसा होता आणि दुसऱ्याच्या हाती फक्त माणसे.

काळारामाच्या दारात

माणसांच्या बळावर दबाव कसा टिकवायचा, हे दादासाहेब काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात शिकले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला हजारोंची मिरवणूक निघाली आणि मंदिराच्या बंद दरवाजांवर येऊन थांबली. दुसऱ्या दिवसापासून चारही दारांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, डोकी फुटली. तरीही सत्याग्रह पुढे जवळपास पाच वर्षे अधूनमधून चालत राहिला.

बाबासाहेब या काळात गोलमेज परिषदेसाठी लंडनला जात होते, मुंबईत वकिली आणि राजकारण सांभाळत होते. नाशिकमधला रोजचा भार होता सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव यांच्यावर. सत्याग्रही कुठल्या गावातून येणार, त्यांची भाकरी कोण बांधून देणार, अटक झालेल्यांच्या घरी कोण जाणार, दंड भरायचा की तुरुंगात जायचे, ही सगळी जुळणी त्यांनी केली आणि स्वतः तुरुंगवासही भोगला. समोर होते देवस्थान, पुरोहितवर्ग आणि त्यांना दुखवायला न धजावणारे सरकार. पुस्तकाच्या भाषेत तो संस्थात्मक दबावगट. त्याला मोर्चा काढावा लागत नाही, कारण त्याचे ऐकले जाईल अशी व्यवस्था आधीच झालेली असते.

मंदिर काही उघडले नाही. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून हा लढा थांबवण्याविषयी आपले मत कळवले. मूर्तीचे दर्शन घेतल्याने अस्पृश्यांचा प्रश्न सुटेल अशी आपली कधीच समजूत नव्हती, समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्याच्यात बळ यावे यासाठी हा मार्ग घेतला होता, असा त्या पत्राचा आशय होता. पुढच्याच वर्षी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. काळारामाच्या दारात बसलेले लोक त्या घोषणेला तयार होते. मागणी हरली तरी माणसे घडली, हा दादासाहेबांच्या हाती लागलेला पहिला मोठा धडा.

सभागृहात एक पाय, रस्त्यावर एक पाय

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून भाऊराव मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्या वर्षी बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. पण विधेयक मांडून ते थांबले नाहीत. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले आणि इतर भागांतले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांचा संप झाला. आतला आमदार आणि बाहेरचा मोर्चा यांची जोडी कशी लावायची, हे भाऊरावांनी इथे जवळून पाहिले.

दबावगट आणि पक्ष यांतला फरक पुस्तकात दोन रकान्यांत मांडलेला असतो. पक्ष सत्ता मागतो, दबावगट निर्णय मागतो. आंबेडकरी चळवळीत हे दोन रकाने असे वेगळे कधीच राहिले नाहीत. एवढ्या छोट्या संख्येच्या पक्षाला सभागृहात बहुमत कधी मिळणार नव्हते. त्यामुळे त्याच्या आमदाराचे वजन त्याच्या मागे रस्त्यावर किती माणसे उभी आहेत यावरच ठरणार होते. महार वतनाचेच पाहा. बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक १९२८ साली मांडले होते. गावची चाकरी आणि तिच्या बदल्यात मिळणारा जमिनीचा तुकडा या बेडीतून सुटण्यासाठी परिषदा भरत राहिल्या, अर्ज जात राहिले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तीस वर्षे लागली. बाबासाहेब तो पाहायला राहिले नव्हते.

जमिनीचा प्रश्न

बौद्ध धम्माची दीक्षा झाली आणि दोन महिन्यांत बाबासाहेब गेले. १९५७ च्या निवडणुकीत दादासाहेब संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत नाशिकमधून लोकसभेवर गेले. समिती हा एका मागणीपुरता जमलेला गट होता. कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन सगळे त्यात होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला आणि तिचे प्रयोजन संपले. दादासाहेबांना मात्र समितीत एक गोष्ट सापडली. खेड्यातला महार, मांग, भिल्ल आणि भूमिहीन मराठा एका मागणीवर एकत्र येऊ शकतो आणि ती मागणी म्हणजे जमीन.

मराठवाड्यात या मागणीची सुरुवात आधीच झाली होती. निजामाच्या राज्यात देशमुख, जहागीरदार यांच्याकडे जमिनीचे मोठे पट्टे होते आणि दलितांच्या वाट्याला गावकी होती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या काळात, १९५३ साली, औरंगाबाद भागात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९ साली दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली खानदेश, नाशिक, मराठवाडा इथे तो पुन्हा आणि मोठ्या प्रमाणावर पेटला. मागणी अगदी साधी होती. पडीक सरकारी जमीन, वनखात्याची शेतीजोगी जमीन आणि गायरान कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावावर करा. लोक नांगर घेऊन जमिनीत उतरले, अटक झाले, सुटून परत उतरले.

पक्षातल्या सगळ्यांना हे पटले नाही. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला आणि दोन वर्षांत त्याची दोन शकले झाली. बी. सी. कांबळे यांच्या बाजूच्या शिकलेल्या, शहरी मंडळींना जमिनीचे आंदोलन कम्युनिस्टांच्या वळणाचे वाटले. घटनेच्या चौकटीतले, कायदेशीर मार्गाचे राजकारण हाच बाबासाहेबांचा वारसा, असे त्यांचे म्हणणे होते. दादासाहेबांच्या धोतराची आणि कमी शिक्षणाची टिंगलही झाली. सुटाबुटाचे आणि धोतराचे हे भांडण आपण आजही विनोदाने सांगतो. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न विनोदाचा नव्हता. शिकलेल्यांच्या नोकऱ्यांचा प्रश्न आणि खेड्यातल्या मजुराच्या भाकरीचा प्रश्न, यांतला कुठला पुढे ठेवायचा? आमच्या मते दोन्हीकडे खरी गरज होती. चूक झाली ती एकाने दुसऱ्याला हिणवण्यात.

१९६४: दहा मागण्या

दादासाहेबांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा लढा याच फुटलेल्या पक्षातून उभा राहिला, हे विसरता येणार नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे दहा मागण्यांची सनद ठेवण्यात आली. त्या मागण्या आजच्या तरुणांनी एकदा नीट वाचाव्यात. कसणाऱ्याला जमीन द्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या. धान्याचे नीट वाटप करून भाववाढ रोखा. झोपडपट्ट्यांची स्थिती सुधारा. १९४८ चा किमान वेतन कायदा पूर्णपणे अंमलात आणा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या. दलितांवरचे अत्याचार थांबवा. अस्पृश्यताविरोधी कायद्याने पूर्ण न्याय द्या. नोकऱ्यांतल्या राखीव जागा १९७० पर्यंत भरा. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा.

या यादीत शहरी नोकरदाराचे आहे, खेड्यातल्या मजुराचे आहे, झोपडपट्टीतल्या बाईचे आहे आणि समाजाच्या सन्मानाचेही आहे. पक्ष ज्या भांडणावर फुटला होता, ते या सनदेत मिटलेले दिसते. प्रत्येक मागणीत सरकारने नेमके काय करायचे तेही कळते. सरकारला गोलमोल उत्तर देऊन सुटता येऊ नये, अशी ही यादी होती.

६ डिसेंबर १९६४ ला, महापरिनिर्वाणदिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत चालला. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या पुढे होत्या, खेड्यापाड्यातल्या बाया मोठ्या संख्येने तुरुंगात गेल्या. चळवळीच्या इतिहासात अटकेचा आकडा तीन लाखांहून अधिक सांगितला जातो. शेवटी दिल्लीला बोलणी करावी लागली आणि आश्वासने द्यावी लागली.

पुढे काय झाले? २ एप्रिल १९६७ ला संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागायला १९९० साल उजाडले. बौद्धांच्या सवलतींचा निर्णय महाराष्ट्रात १९६० सालीच झाला होता. केंद्राने त्या द्यायला तेही १९९० सालच लागले. म्हणजे मागणी केली तेव्हा जन्मलेले मूल ती पूर्ण झाली तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. मधल्या काळात कुणी तरी ती मागणी मरू दिली नाही. दबावगटाचे खरे काम मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते, ते असे.

१९६७ चा प्रश्न

दादासाहेबांविषयी लिहिताना एक अवघड गोष्ट टाळणे बरोबर होणार नाही. १९६२ पासून ते राज्यसभेत होते. १९६७ साली यशवंतराव चव्हाणांच्या काळातल्या काँग्रेसशी त्यांनी जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत युती केली. त्यांचा विचार समजण्यासारखा होता. जमिनीचा, पाण्याचा, शाळेचा निर्णय आता जिल्हा परिषदेत होणार होता आणि तिथे आपला माणूस नसेल तर गावातला भूमिहीन पुन्हा पाटलाच्याच दारात उभा राहील.

पण या युतीची किंमत मोठी होती. काँग्रेसबरोबरच्या या सलगीवरूनच बॅ. राजाभाऊ खोब्रागडे आणि त्यांच्यात दरी वाढत गेली व पक्ष पुन्हा फुटला. १९५९ आणि १९६४ ला ज्या सरकारला दादासाहेबांच्या पुढच्या पावलाचा अंदाज नव्हता, त्याला आता अंदाज आला. दोनचार जागा, एखादे पद यांवर बोलणी होऊ लागली. दबावगट पक्षाशी बोलतो, मतेही देतो, त्यात गैर काही नाही. पण आपली मते आधीच मोजून एका पक्षाच्या खिशात टाकली, की त्याच्याकडे दबाव म्हणून काही उरत नाही. १९६८ साली दादासाहेबांना पद्मश्री मिळाली. ते गेल्यानंतर पाचच महिन्यांत, मे १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या तरुणांचा राग अत्याचार करणाऱ्यांवर होता, तसाच तडजोडीत अडकलेल्या रिपब्लिकन गटांवरही होता.

म्हणून दादासाहेबांचे १९६४ पुसले जात नाही. उलट त्यांच्या आयुष्याच्या दोन्ही बाजू समोर ठेवल्या, तरच त्यातून शिकता येते.

आणि आमचा बीड जिल्हा

समितीत दादासाहेबांबरोबर काम केलेले क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ साली आमच्याच बीडमधून लोकसभेवर गेले होते. कष्टकऱ्याच्या बाजूने बोलणारा माणूस बाहेरून आला तरी त्याला निवडून देणारा हा जिल्हा आहे. याच जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशोब होतो. साखर कारखानदारांचा दबावगट राज्यातला सर्वांत ताकदवान गटांपैकी एक आहे आणि त्याचे काम फोनवर होते. ऊसतोडणी मजुराला मात्र दर वाढवून घ्यायचा तर संपावर जावे लागते, मुकादमाची उचल डोक्यावर असताना. पुस्तकातले प्रकार पाठ करताना हा फरक कुणी सांगत नाही.

जमिनीचा प्रश्नही इथे जिवंत आहे. दादासाहेबांनी मागितलेले गायरान २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने काही प्रमाणात मिळण्याची वाट झाली. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसत असलेल्या दलित, आदिवासी भूमिहीनांचे अतिक्रमण नियमित करण्याचा तो निर्णय होता. आमच्या जिल्ह्यात ॲड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून हे काम गावोगाव नेले. पोतराजाच्या घरात जन्मलेला, मांग समाजातला हा कार्यकर्ता २००६ साली बौद्ध झाला आणि २०१५ साली गेला. गायरान कसणाऱ्यांमध्ये त्यांनी बौद्ध, मातंग, पारधी अशा सगळ्यांना एकत्र आणले. दादासाहेबांना समितीच्या दिवसांत जे सापडले होते, तेच हे.

मात्र निर्णय होऊनही अनेकांचे नाव सातबाऱ्यावर चढलेले नाही. गाव नमुना एक-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद झालेली नाही, तलाठ्याने पीक पाहिले नाही, जुनी दंडाची पावती घराच्या पत्र्याखाली भिजून गेली, अशा कारणांवर अर्ज अडतात. २०२२ च्या अखेरीस राज्यभर गायरानावरील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा ज्यांच्याकडे कागद होता ते जरा निवांत झोपले आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांना झोप नव्हती. आम्ही अशा अर्जांचे काम करताना एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. जिथे गावातल्या दहा घरांनी एकत्र येऊन मागणी लेखी दिली, पोच घेतली आणि दर महिन्याला तहसीलला जाऊन विचारणा केली, तिथे फाईल हलली. जिथे एखाद्या पुढाऱ्याच्या शब्दावर सोडून दिले, तिथे ती निवडणुकीपुरती हलली आणि पुन्हा बसली.

आमच्या तरुण मित्रांपुढे आज दोन रस्ते आहेत. एखाद्या पक्षाच्या आघाडीचे तालुकाध्यक्षपद घ्यावे आणि बॅनरवर फोटो यावा, हा एक. आपल्या गावातल्या भूमिहीनांची, शिष्यवृत्ती अडलेल्या मुलांची, मजुरी बुडालेल्या ऊसतोड बायांची नेमकी यादी करून ती वर्षानुवर्षे धरून बसावे, हा दुसरा. पक्षात जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही, दादासाहेबही पक्षातच होते. पण पक्षात गेलेल्याच्या हातात ती यादी असली पाहिजे, आणि ती पूर्ण झाली नाही तर बाहेर उभे राहायला माणसे असली पाहिजेत.

या स्मृतिदिनाला हार घालून झाल्यावर एवढेच करू. आपल्या गावाचा नमुना एक-ई काढू, त्यात कोणाची नोंद आहे आणि कोणाची नाही ते वाड्यावस्तीवर बसून वाचून दाखवू आणि राहिलेल्यांचा एकत्र अर्ज तहसीलला देऊ. पोच जपून ठेवू. पुढच्या २९ डिसेंबरला त्या अर्जाचे काय झाले, हे पुन्हा एकमेकांना विचारू.

जय भीम.